बॉब परत आलाय म्हणे

वर्ष पालटलं की मोबाईलवर एक बातमी हमखास झळकते: 'यंदा बॉब परत येतोय.' वाचून वाटावं, घरातला कोणी पुतण्या शिकायला परदेशी गेला होता आणि आता त्याला आणायला विमानतळावर जायचंय. गेल्या वर्षीही तो परत आला होता. त्याच्या आदल्या वर्षीही. मधल्या काळात हा मानेपर्यंतच्या केसांचा कट जातो कुठे, हे मात्र कोणी छापत नाही. फार तर येताना नाव बदलून येतो. कधी फ्रेंच बॉब, कधी इटालियन बॉब, जरा लांबला की लॉब, आणि पोरासारख्या आखूड पिक्सी कटशी सोयरीक जुळली की बिक्सी.

मला या बातम्यांचं व्यसन आहे. अमुक नटीने केस खांद्यापर्यंत आणले, तमुक गायिकेने तांब्याचा रंग दिला, हे मी चवीने वाचते. तिथे कोणी नुसतं केस कापत नाही, 'सगळ्यांना धक्का देतं'. शेजारी कापण्याआधीचा फोटो, कापल्यानंतरचा फोटो, आणि मी दोन्ही बोटांनी मोठे करून बघत बसलेली. माणसाचे केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, बातम्या मात्र रोज वाढतात. डोक्यावर लाखभर केस असतात म्हणे, त्यातले रोज पन्नास ते शंभर तसेही गळतात. त्याची बातमी फक्त न्हाणीघराच्या जाळीपुरती.

आणि ती नावं! 'बालायाज' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुठल्याशा सरदार घराण्याचं आडनाव वाटलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ झाडून काढणे. रंगाचा ब्रश केसांवरून केरसुणीसारखा हलक्या हाताने फिरवायचा, म्हणजे मुळाशी गडद आणि खाली उजळ असा उन्हात फिरून आल्यासारखा रंग दिसतो. झाडणं आम्हीही जन्मभर केलं, पण त्याचे असे पैसे कोणी दिले नाहीत. 'कर्टन बँग्ज' म्हणजे मधोमध फाटून पडद्यासारखी दोन्हीकडे सारलेली झुलपं. माझ्या आजीने त्यांना 'डोळ्यांत आलेल्या झिपऱ्या' म्हटलं असतं आणि दोन पिना आणून दिल्या असत्या.

तर त्या झिपऱ्या मला हव्या होत्या. एका नटीचा फोटो मोबाईलवर घेऊन मी सलॉनमध्ये गेले. तिथल्या मुलीने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत फोटोकडे. डॉक्टर एक्स-रे धरतात तसा तिने मोबाईल उजेडाकडे धरला.

"मॅम, हिचे केस दाट आहेत."

"आणि माझे?"

"तुमचे मऊ आहेत."

या धंद्यातला सभ्यपणा मला फार आवडतो. विरळला मऊ म्हणतात, राठला 'टेक्स्चर आहे' म्हणतात. मग तिने माझ्या कपाळावरचे केस कंगव्याने पुढे ओढले आणि सोडून दिले. ते दोन दिशांना पांगले. "इथे भोवरा आहे. झुलपं कापली तरी बसणार नाहीत, रोज सकाळी ब्लो ड्राय करावा लागेल." शेवटी "फक्त टोकं" कापून घेऊन मी परतले. (फक्त टोकं म्हणजे नेमकं किती, यावर गिऱ्हाईक आणि कात्री यांचं एकमत कधीच होणार नाही.)

सलॉनमधली मुलगी बरोबर बोलत होती, फोटोतला कट रोज आवरणं सोपं नसतं. 1994 मध्ये 'फ्रेंड्स' मालिका सुरू झाली आणि जेनिफर अॅनिस्टनच्या त्या थराथरांच्या केसांनी जग वेडं झालं. पात्राच्या नावावरून त्या कटला 'रेचल' म्हणू लागले. घरोघरच्या बायका तिचा फोटो घेऊन सलॉनात जाऊन बसल्या. पुढे तिनेच सांगून टाकलं की तो कट तिला मुळीच आवडत नव्हता, आणि केस कापणारा ख्रिस मॅकमिलन हाताशी नसला की तिलाही ते केस आवरत नसत. जिच्या डोक्यावर तो कट होता तिची ही गत, तर बाकीच्यांनी दर सकाळी आरशासमोर काय भोगलं असेल?

त्या रात्री मी गाजलेल्या केसांचे मूळपुरुष शोधत बसले. (चिडलेलं माणूस वाचतं फार.) नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, त्यात फॅशनचं मूळही घालायला हवं. कारण जिथे जावं तिथे काहीतरी झाकलेलं सापडतं. साधना कटच घ्या. साधनाचं कपाळ रुंद होतं, पडद्यावर ते जास्तच भव्य दिसे, म्हणून 1960 च्या तिच्या चित्रपटासाठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हॉलीवूडच्या ऑड्री हेपबर्नसारखी झुलपं कपाळावर आणवली. त्यानंतर ज्यांची कपाळं मुळीच रुंद नव्हती, त्या मुलींनीही ती झाकून टाकली. फ्रान्सच्या तेराव्या लुईला ऐन तारुण्यात टक्कल पडू लागलं म्हणून त्याने 1624 पासून केसांचा टोप घातला. राजाने घातला म्हणून दरबाराने घातला, आणि पुढच्या दीडशे वर्षांत युरोपातले भरघोस केसांचे पुरुषसुद्धा डोकी भादरून टोप चढवू लागले. एकाच्या टकलापायी एवढ्यांचे केस गेले.

त्यातला माझा लाडका रोनाल्डो. ब्राझीलचा फुटबॉलपटू, दातांत फट असलेला. 2002 च्या विश्वचषकात तो सगळं डोकं भादरून फक्त कपाळावर केसांचा एक त्रिकोण ठेवून मैदानात उतरला. दिसायला भयंकर, स्वतः त्यालाही तसंच वाटे. पण त्याची जांघ दुखत होती आणि पत्रकार दुसरं काही विचारतच नव्हते. त्रिकोण दिसल्यावर दुखणं विसरून सगळे केसांवर बोलू लागले. अंतिम सामन्यात त्याने जर्मनीवर दोन गोल केले, ब्राझील जिंकलं, आणि पोरांनी डोक्यावर त्रिकोण काढून घेतले. त्याबद्दल त्याने पुढे त्या पोरांच्या आयांची माफी मागितली. केसांच्या सगळ्या बातम्यांत एवढी प्रामाणिक बातमी मी दुसरी वाचलेली नाही.

आणि आमचा बॉब? बायकांनी केस कापण्याची साथ पसरवण्यात आयरीन कॅसल या अमेरिकन नर्तकीचा मोठा हात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिला अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी रुग्णालयात जायचं होतं. अंथरुणात पडल्या पडल्या लांब केसांचा गुंता कोण सोडवणार, म्हणून तिने ते आधीच कापून टाकले. बरी होऊन लोकांत मिसळताना आखूड केस चपट बसावेत म्हणून कपाळावरून मोत्यांची माळ बांधली. लोकांनी केसही उचलले आणि माळही. अपेंडिक्सचं ऑपरेशन तेवढं तिचं तिच्याजवळ राहिलं.

हे वाचून शहाणं व्हायचं, तर मी मिया फॅरो या नटीपाशी अडखळले. 1967 मध्ये हॉलीवूडमध्ये पत्रकारांसमोर विडाल ससून या नामांकित केशकर्तनकाराकडून तिचे केस कापून घेण्याचा मोठा सोहळा झाला होता. तिने पुढे खुलासा केला, की केस आपण आधीच स्वतःच्या हाताने कापले होते, तेही नखं कापायच्या कात्रीने. ससून यांनी वरवर नीटनेटके केले इतकंच. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. माझ्याकडे तर चांगली मोठी कात्री होती.

केस ओले करून कापावेत, हे मी कुठेतरी पाहिलं होतं. भिजल्यावर केसातले काही नाजूक बंध सुटतात, केस ताणला जातो आणि लांब दिसतो. वाळला की बंध पुन्हा जुळतात, केस आखडतो. हे शास्त्र मला आज तोंडपाठ आहे. त्या रात्री मी भुवयांच्या बरोबर खाली मोजून कापले. पंख्याखाली बसल्यावर ते हळूहळू वर चढू लागले, नाटकाचा पडदा वर जावा तसे, आणि भुवई आणि भांग यांच्या मध्यावर येऊन थांबले. भोवऱ्याने त्यांची दोन्हीकडे पांगापांग केली होतीच. डावी बाजू जास्त वर गेली म्हणून मी उजवी थोडी कापली. मग उजवी जास्त गेली. हे किती वेळ चाललं ते सांगत नाही. शेवटच्या फेरीत कात्री डाव्या कानामागे का पोचली, तेही मला सांगता येणार नाही.

सकाळी डोक्याला रुमाल बांधून पुन्हा त्याच मुलीपुढे. तिने रुमाल काढला. काही बोलली नाही, फक्त शेजारच्या मुलीला हाक मारून बोलावलं. मग दोघींनी बराच वेळ कात्री चालवली. कपाळावरच्या तुकड्यांना बाजूचे केस आणून जोडले, जोडण्यासाठी बाजूचे आखूड केले, बाजूशी मेळ घालायला मागचे मानेपर्यंत वर नेले. कानामागे जे झालं होतं त्यावर वरून एक थर पांघरला. उठले तेव्हा आरशात बॉब होता. परत आला होता, माझ्याकडे.

"कुठला म्हणायचा हा?" मी विचारलं. तिने क्षणभर विचार केला. "फ्रेंच म्हणा, मॅम."

पंधरा दिवसांनी भाची आली. दारातच थबकली. "मावशी! हा कट कुठे केलास?" मी मोघम हात हलवला. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली, मागून पाहिलं, बाजूने पाहिलं, आणि मोबाईल काढला. "हलू नकोस हं. आमच्या पार्लरवाल्या ताईला दाखवते, मला अगदी डिट्टो असाच हवाय."

तिला मागचा फोटो हवा होता, मग उजव्या बाजूचा, मग डाव्या. मी मुकाट्याने वळत राहिले. डाव्या फोटोच्या वेळी मात्र विचारात पडल्यासारखा हात वर नेला आणि कानामागची ती बट बोटांनी दाबून धरली.

"वा, पोज पण मस्त आहे," ती म्हणाली.