हँडओव्हरमध्ये गप्प बसायचं नाही

श्टुटगार्ट, रविवार रात्र

दुपारची पाळी सुटल्यावर आज नव्या मुलीला घेऊन कॅन्टीनमध्ये बसले. ती सांगलीकडची, माझं नर्सिंग मिरजेत झालेलं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती मला ताई म्हणते. तिचं जर्मन चांगलं आहे. इथे परिचारिका म्हणून मान्यता मिळायची तर साधारण बी-टू पातळीची, म्हणजे रोजचं काम निभेल इतक्या जर्मनची, परीक्षा द्यावी लागते, ती तिने भारतात असतानाच दिली. तरी वॉर्डातल्या दोघीतिघींनी ठरवून टाकलंय की हिला काही कळत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो. तिला सगळं कळतं, ती फक्त बोलत नाही.

पाळी बदलताना इथे ‘यूबरगाबे’ असते, म्हणजे आपला हँडओव्हर. रात्री कोणाला ताप आला, कोणाची लघवी कमी झाली, कोणाच्या पाठीला जखम व्हायला लागली आहे, सगळं भराभर सांगतात. आपल्याकडे मेट्रन किंवा डॉक्टर बोलत असताना मध्ये तोंड घालायची पद्धत नाही. मान हलवायची आणि नंतर बाहेर मैत्रिणीला विचारून घ्यायचं. ती अजून तेच करते. इथे मात्र जो गप्प बसला त्याला सगळं समजलं असं धरतात. विचारलं नाहीस म्हणजे जबाबदारी घेतलीस. मग एखादं काम राहून गेलं की त्यांना वाटतं हिने फसवलं, आणि हिला वाटतं, मला कोणी नीट सांगितलंच नाही. यात खोटं कोणीच वागलेलं नसतं.

त्यात ही श्वाबिश, म्हणजे श्टुटगार्टकडची जर्मन बोली. म्हातारी माणसं, विशेषतः स्मृतिभ्रंश झालेली, वर्गातलं प्रमाण जर्मन बोलत नाहीत, लहानपणीच्या बोलीवर परत जातात. पुस्तकात ‘फूस’ म्हणजे पाऊल, पण इथल्या आजींचा ‘फूस’ मांडीपासून बोटांपर्यंत कुठेही दुखू शकतो. खरं तर आपल्याला हे सोपं जायला हवं, आपणही नुसतं ‘पाय दुखतोय’ असंच म्हणतो. तिला म्हटलं, प्रत्येक वेळी हात लावून विचार, इथे का, इथे का. आजींना त्याचा राग येत नाही, उलट कोणीतरी लक्ष देतंय म्हणून त्या बोलायला लागतात.

कौतुकाचं तर विचारूच नका. श्वाबी लोकांत म्हणच आहे की रागावलं नाही, म्हणजे पुरेसं कौतुक झालं. वॉर्डप्रमुख बाई सगळ्यांसमोर स्वच्छ सांगतात, ‘हे असं नाही, असं कर,’ आणि पाच मिनिटांनी स्वतःहून कॉफी विचारतात. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपलेला असतो. ही पोर मात्र तो विषय घरी नेते आणि रात्रभर उगाळते. मला हा रोखठोकपणा आता मनापासून आवडतो. समोरच्याच्या मनात काय आहे ते ताडत बसावं लागत नाही. पण तो अंगवळणी पडेपर्यंतचा काळ फार एकटा असतो, आणि त्या काळात चांगल्या चांगल्या मुली कोमेजताना मी पाहिल्या आहेत.

सगळ्यात जास्त वेळ आज आम्ही बोललो ते घराबद्दल. इथे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, त्याचे कपडे बदलणं हे परिचारिकेचंच काम. आपल्याकडे ते नातेवाईक करतात किंवा मावशी करतात. तिने हे आईला सांगितलेलंच नाही. ‘एवढं शिकून हेच करायला गेलीस का,’ असं ऐकावं लागेल म्हणून. घरी जातात ते फक्त श्लोसप्लाट्स या इथल्या मुख्य चौकातल्या कारंज्यांचे आणि पहिल्या बर्फाचे फोटो. म्हणजे वॉर्डात गप्प आणि घरीही गप्प. मग माणसाने बोलायचं कुठे? मी तिला म्हटलं, आईला सांग. रोज सकाळी अंग पुसताना त्वचा कुठे लाल झाली आहे, श्वास कसा चाललाय, आज आजोबा का बोलत नाहीत, हे आधी आपल्याला दिसतं, मग डॉक्टरांना. हे नर्सिंगच आहे, आणि अभिमानाने सांगण्यासारखं आहे. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, आधी बाबांना सांगते, ते ऐकून घेतील.

२०२४ मध्ये महाराष्ट्र आणि श्टुटगार्ट ज्यात येतं ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत कुशल मनुष्यबळाचा करार झाला. आपली आणखी मुलं-मुली इकडे येतील. त्यांना भाषेचे वर्ग मिळतात ही फार चांगली गोष्ट आहे. पण ‘मला समजलं नाही, परत सांगा’ हे वाक्य पाठ असणं वेगळं आणि दहा जणांसमोर ते मोठ्याने म्हणणं वेगळं. त्याचा सराव निघण्याआधीच करून घ्यायला हवा. आणि सगळं ओझं येणाऱ्यावरच का? नव्या माणसाशी प्रमाण जर्मनमध्ये, जरा सावकाश बोलणं हे इथल्यांचंही काम आहे.

उद्या वॉर्डप्रमुखांकडे एकच मागणी करायची आहे. हँडओव्हर संपला की प्रत्येकीने आपल्या रुग्णांबद्दल काय ऐकलं ते दोन वाक्यांत परत सांगायचं. फक्त परदेशी मुलींनी नाही, सगळ्यांनी, नाहीतर त्याची परीक्षा होऊन बसेल. सकाळच्या पाळीआधी बाई एकट्या सापडतात, तेव्हाच गाठते. ही पण येणार आहे. बोलणार मीच होते, पण निघताना ती म्हणाली, ‘ताई, सुरुवात मी करते.’