सोमवारची मॅच: डच फुटबॉलचा खरा कारखाना बघायचा असेल तर

ॲमस्टरडॅमला फुटबॉलसाठी जाणारे बहुतेक लोक योहान क्रायफ अरेनाची टूर करतात, दुकानातून जर्सी घेतात आणि परत फिरतात. स्टेडियम छान आहे, पण तिथे तयार माल दिसतो. माल तयार कसा होतो ते बघायचं असेल तर सोमवारी संध्याकाळी मेट्रो ५४ पकडा, स्ट्रँडव्लीट स्टेशनला उतरा आणि अरेनाच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या 'डे टूकोम्स्ट'कडे चालू लागा. आयाक्सची अकादमी ती हीच. मुख्य मैदानाला जेमतेम दोन हजार प्रेक्षकांची जागा. आठ वाजता योंग आयाक्सची, म्हणजे क्लबच्या राखीव तरुण संघाची, व्यावसायिक लीगमधली मॅच सुरू होते. समोर हेल्मंड, डेन बॉश किंवा रोडा केर्क्राडे असा एखादा संघ असतो. त्यात तिशीतले, लग्न झालेले, घराचे हप्ते भरणारे खेळाडू असतात आणि जिंकलं तरच त्यांचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट टिकतं.

बसायची जागा निवडता आली तर आयाक्सच्या बचावफळीच्या बाजूला बसा आणि बॉलकडे न बघता अठरा वर्षांच्या सेंटर-बॅककडे बघत राहा. गोलकीपरकडून बॉल त्याच्याकडे यायच्या आधीच समोरचा अनुभवी स्ट्रायकर त्याच्या पाठीला कोपरापासूनचा हात टेकवून ठेवतो. फाउल होत नाही, रेफरी शिट्टी वाजवत नाही. अकादमीतल्या मॅचमध्ये या पोराने वर्षानुवर्षं आधी बॉल बघितलाय आणि मग माणूस. इथे क्रम उलटा. पहिल्या वीस मिनिटांत तो दोन-तीनदा हमखास हलतो, पास अर्धा फूट चुकतो, थ्रो-इन जातो. पोरगा खरोखर चांगला असेल तर उत्तरार्धात बदल दिसतो. बॉल सुटायच्या आधी तो दोनदा खांद्यावरून मागे बघून घेतो, एक पाऊल लवकर सरकतो आणि अर्धवट वळलेल्या अंगाने बॉल घेतो, म्हणजे पहिल्याच स्पर्शात पुढचा रस्ता मोकळा. हे सरावात शिकवता येत नाही. पगारासाठी खेळणारा माणूस समोर लागतो.

माझ्या मते डच वाटेचं मर्म इथेच आहे. अकादम्या स्पेनमध्ये आहेत, फ्रान्समध्ये आहेत. पण सतराव्या-अठराव्या वर्षी मोठ्या माणसांविरुद्ध, गुणतक्त्यात मोजली जाणारी पूर्ण नव्वद मिनिटं इतक्या सहज मिळणारी जागा फार कमी. २०१३-१४ च्या मोसमापासून डच फुटबॉल संघटनेने, म्हणजे केएनव्हीबीने, मोठ्या क्लबांच्या 'योंग' संघांना दुसऱ्या विभागात घेतलं. पुढे उट्रेख्ट आणि एझेड (अल्कमारचा क्लब) आले. आयाक्स, पीएसव्ही, एझेड आणि उट्रेख्ट असे चार योंग संघ आणि वीस संघांचा हा विभाग म्हणजे मोसमात अडतीस सामने. अट एकच मोठी: योंग संघाला वरच्या एरेडिव्हिसीमध्ये बढती नाही. २०१७-१८ मध्ये योंग आयाक्सने चक्क हा विभाग जिंकला, पण वर गेला दुसऱ्या क्रमांकाचा फोर्टुना सिटार्ड.

बाकीच्या क्लबांच्या चाहत्यांना हा प्रकार अजिबात आवडत नाही आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. योंग संघाचा दर्जा दर आठवड्याला बदलतो. पहिल्या संघात जागा न मिळालेले दोन-तीन जण खाली आले की तो संघ विभागात सर्वांत भारी. पुढच्या सोमवारी सगळी सतरा-अठराची पोरं आणि पाच गोलांनी हार. शिवाय योंग संघाबरोबर पाहुणे प्रेक्षक जवळपास येतच नाहीत, म्हणजे यजमान छोट्या क्लबचं तिकीट आणि बिअर दोन्ही बुडतं. शुक्रवारी रात्री, जेव्हा या विभागातले बहुतेक सामने होतात, तेव्हा एखाद्या छोट्या गावच्या स्टेडियममध्ये जाऊन बघा, हा राग ऐकायला मिळेल.

पण निकाल बघा. फ्रेंकी डि योंग टिलबर्गच्या विलेम-२ या क्लबच्या अकादमीतून २०१५ मध्ये आयाक्सकडे गेला तो नाममात्र एक युरोत, पुढच्या विक्रीत वाटा ठेवून. लगेच पहिल्या संघात नाही; २०१६-१७ चा मोठा भाग तो योंग आयाक्समध्ये खेळला. त्याच मोसमात माथाइस डि लिख्टही योंग संघातून वर सरकला आणि मे २०१७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, युरोपा लीगच्या फायनलमध्ये उतरला. दोन वर्षांनी आयाक्स चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत, डि लिख्ट कर्णधार. मग २०१९ च्या उन्हाळ्यात दोघेही प्रत्येकी सुमारे साडेसात कोटी युरोंना विकले गेले, एक बार्सिलोनाला, दुसरा युव्हेंटसला.

आता या पैशाचा खालच्या टोकाचा हिशेब बघा, कारण तोच गावातल्या क्लबांना जिवंत ठेवतो. फिफाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय विक्रीच्या रकमेतले पाच टक्के त्या खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक मोसमाला रकमेचा पाव टक्का, १६ ते २३ मधल्या प्रत्येकाला अर्धा टक्का. साडेसात कोटींवर अर्धा टक्का म्हणजे पावणेचार लाख युरो, फक्त एका मोसमाचे. म्हणून डच क्लब खेळाडूच्या नोंदणीचे कागद सोनं ठेवावं तसे जपून ठेवतात.

वाटेची सुरुवात मात्र सोमवारी नाही, शनिवारी सकाळी होते. कुठल्याही गावात सायकल काढा, कालव्याच्या कडेला हौशी क्लबचं मैदान सापडेलच. आयाक्सच्या रांगेत उभं राहण्याआधी हे बघावं. ७ वर्षांखालच्या गटात ३० बाय २० मीटरच्या तुकड्यावर चौघांविरुद्ध चौघं. त्यानंतर १० वर्षांखालीपर्यंत सहा विरुद्ध सहा, मैदान ४२.५ बाय ३० मीटर. ११ आणि १२ वर्षांखाली आठ विरुद्ध आठ, ६४ बाय ४२.५ मीटर. अकरा विरुद्ध अकरा थेट १३ वर्षांखालच्या गटात. छोट्या गटांत थ्रो-इन नाही. बॉल बाहेर गेला की रेषेवर ठेवून पायानेच आत आणायचा, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलालाही मॅचभर बॉल पायात मिळत राहतो. सहा-सहाच्या सामन्यात रेफरीही नसतो. एक 'खेळ-सोबती' कडेला उभा राहून अगदी लागलंच तर बोलतो. आपल्याकडे दहा वर्षांच्या पोरांना पूर्ण मैदानावर सोडतात आणि त्यातला एक वेगाने पळणारा मुलगा बॉल पुढे ढकलत सगळ्यांना मागे टाकतो. तो जिंकतो, पण शिकत काही नाही. मैदान छोटं झालं की नुसत्या वेगाचं भांडवल संपतं.

ॲम्स्टलव्हेन आणि आइंडहोव्हन-व्हेल्डहोव्हन भागात मराठी घरं बरीच आहेत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. शहरातल्या क्लबांना प्रतीक्षायादी असते, म्हणून घर मिळाल्या मिळाल्या दोन-तीन क्लबांत नाव टाकावं. वर्षाची वर्गणी भरली म्हणजे काम संपलं नाही; पालकांनी कँटीनमध्ये पाळी करणं, बाहेरच्या सामन्याला गाडी काढणं, संघाच्या जर्सी धुणं हे गृहीत धरलेलं असतं आणि टाळणाऱ्याकडे बघण्याची नजर बदलते. मूल दहा वर्षांच्या वरचं असेल आणि आधी भारतात नोंदलेलं असेल, तर आंतरराष्ट्रीय नोंदणीचे कागद लागतात. पासपोर्ट, जन्मदाखला, आईवडिलांचं निवासपत्र आणि नोकरीचा पुरावा क्लबला मोसमाच्या आधीच द्यावा. मंजुरी येईपर्यंत सराव होतो, पण अधिकृत सामना नाही, आणि बाकावर बसलेल्या मुलाला हे समजावणं अवघड जातं. वयोगटाची तारीख १ जानेवारी आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमधलं मूल गटात सगळ्यात लहान ठरतं, हे ध्यानात ठेवून निवडचाचणीच्या निकालाकडे बघावं.

या शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त विचार केलेला दिसतो तो वायडेवोर्मरला. झान्डामच्या उत्तरेला, हिरव्यागार सपाट जमिनीत, एझेडचं प्रशिक्षण केंद्र आहे. योंग एझेडचे सामनेही इथेच. आयाक्सच्या मानाने गर्दी शून्य, वारा मात्र भरपूर, तेव्हा जाड जॅकेट हवं. वाढीच्या वयातल्या मुलांची उंची, बसलेली उंची आणि वजन नियमित मोजून शरीर कुठल्या टप्प्यावर आहे याचा अंदाज घेण्याची पद्धत आता युरोपभर आहे. वाढीच्या झपाट्यात असलेल्या मुलाची धावण्या-उड्यांची मात्रा कमी करतात, नाहीतर गुडघ्याखालचं हाड दुखायला लागतं आणि महिनेच्या महिने जातात. उशिरा वाढणाऱ्याला लगेच काढून टाकत नाहीत. एझेडने २०२३ च्या एप्रिलमध्ये युएफा यूथ लीग जिंकली: वाटेत बार्सिलोनाला ३-०, रिअल माद्रिदला ४-०, फायनलमध्ये हायदुक स्प्लिटला ५-०. अब्जाधीश क्लबांच्या पोरांना अल्कमारच्या पोरांनी धुतलं.

उलट उदाहरणही याच देशातलं. ब्रेडाचा व्हर्जिल व्हॅन डाइक विलेम-२ च्या अकादमीत होता. सोळाव्या वर्षापर्यंत तो फारसा उंच नव्हता, मग झपाट्याने वाढला. क्लबला तो वर नेण्याइतका वाटला नाही. २०१० मध्ये ग्रोनिंगेनने त्याला फुकटात नेलं. पुढे सेल्टिक, साउदॅम्प्टन आणि जानेवारी २०१८ मध्ये साडेसात कोटी पौंडांना लिव्हरपूल. अकादमी चांगली असली तरी माणसं चुकतात. फरक इतकाच की या देशात दुसरं दार काही तासांच्या रेल्वेप्रवासावर असतं.

रॉटरडॅम (फेयनूर्ड क्लबचं, डे काउप स्टेडियमच्या शेजारचं व्हार्केनूर्ड) आणि आइंडहोव्हन (पीएसव्हीचं, झाडीतलं डे हेर्डखांग) इथेही जावं, पण सराव सगळीकडे एकाच घराण्याचा. मधल्या वयातला कुठलाही संघ घ्या, पंधरा मिनिटांत 'पोझिसीस्पेल' सुरू होतं: चार विरुद्ध चार आणि तीन तटस्थ खेळाडू, जे बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांच्या बाजूचे. म्हणजे बॉल असलेल्यांना सात विरुद्ध चार असा फायदा. दोन तटस्थ दोन टोकांना, एक मधोमध. चौकोन फार मोठा आखला तर दबावच येत नाही, फार छोटा आखला तर नुसती टोलवाटोलवी. चांगला कोच शंकू दोनदा-तीनदा हलवतो. बिघाड कुठे होतो तर मधल्या माणसाकडे: तो बॉलच्या सरळ रेषेत, बचावपटूच्या मागे झाकला जातो. कोच खेळ थांबवून त्याला दोन मीटर बाजूला ओढतो आणि पुन्हा सुरू.

आता या लीगचं दुखणं. एरेडिव्हिसीत मैदान मोकळं सापडतं, बचाव वर उभा असतो, त्यामुळे गोलांचे आकडे फुगतात. मातेया केझमानने पीएसव्हीसाठी २००२-०३ मध्ये ३५ लीग गोल केले. चेल्सीत पूर्ण मोसमात लीगमध्ये चार. अफोन्सो आल्व्हेसने हेरेनव्हेनमध्ये २००६-०७ ला ३४ मारले, मिडल्सब्रोमध्ये त्याची जादू विरली. व्हिन्सेंट यान्सेनने एझेडकडून २०१५-१६ मध्ये २७ मारले आणि टॉटनहॅमच्या पहिल्या मोसमात लीगमध्ये दोन. स्ट्रायकरचा आकडा इथे निम्माच मोजावा. मिडफिल्डर आणि सेंटर-बॅक मात्र बऱ्याचदा जसेच्या तसे पुढे टिकतात, कारण त्यांचं कसब म्हणजे निर्णय. म्हणूनच चेल्सीने मेसन माउंटला २०१७-१८ मध्ये व्हिटेसकडे लोनवर ठेवलं आणि रिअल माद्रिदने मार्टिन ओडेगार्डला आधी हेरेनव्हेन, मग व्हिटेसकडे.

पुण्या-मुंबईतल्या पालकांना मात्र हे स्वप्न विकणारे भेटतात, म्हणून नियम सरळ सांगते. १८ वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली फिफाने बंद केली आहे. अपवाद मोजके: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले, किंवा १६ च्या वरची बदली युरोपीय संघाच्या आत आहे, किंवा खेळाडूचं घर आणि नवा क्लब दोन्ही सीमेलगत आहेत. भारतातून पंधरा वर्षांच्या मुलाला 'डच अकादमीत नोंदणी' कुणी देत असेल तर ती शिबिराची फी आहे, करार नव्हे. अठरानंतरही दार अरुंद आहे. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला विशीनंतर लीगच्या सरासरी पगाराच्या दीडपट, आणि १८-१९ व्या वर्षी पाऊणपट किमान पगार द्यावा लागतो. ही रक्कम विशीवरच्यासाठी वर्षाला पाच लाख युरोंच्या घरात किंवा त्याहून वर जाते. इतका पगार दुसऱ्या विभागातला क्लब कुणाला देत नाही, आणि एरेडिव्हिसीतलाही अशाच खेळाडूला देतो ज्याला तो आधी दोन-तीन मोसम कुठेतरी खेळताना बघत आलाय. एजंटाकडे फिफाचा परवाना आहे का ते फिफाच्या संकेतस्थळावर नावाने तपासता येतं. आधी ते करा, मग त्याच्याबरोबर चहा प्या.