खाटेवरून दार दिसले पाहिजे

कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयाने ईसीएचएस या माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेखाली येणाऱ्या रुग्णांच्या बारा खाटांच्या कक्षाचे नूतनीकरण माझ्याकडे सोपवले, तेव्हा आराखड्याला हात लावण्यापूर्वी मी आठ दिवस त्या कक्षात नुसती बसून राहिले. शिरोळच्या सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंतचे रुग्ण तेथे होते.

एक निवृत्त सुभेदार उशी रोज पायथ्याकडे नेऊन ठेवत आणि सिस्टर ती रोज परत उशाशी आणत. मी कारण विचारले. "ताई, दार डोक्यामागं असलं की झोप लागत नाही बघा," एवढेच ते म्हणाले. ट्रॉली दारावर आपटली की ते दचकून उठून बसत. खाली चटईवर झोपलेल्या त्यांच्या पत्नीला सलाईन बदलताना दर वेळी उठावे लागे.

सर्व खाटा दाराकडे तोंड करून लावायच्या, तर एक खाट कमी होणार होती, आणि व्यवस्थापनाचा विरोध नेमका तेथेच होता. मी बैठकीत संशोधक रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा अभ्यास मांडला: पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. आमच्या खिडकीबाहेर कडुनिंब होता, पण खिडकीसमोर फायलींचे कपाट उभे होते. कपाट त्याच आठवड्यात हलले. खाटेच्या निर्णयाला मात्र तीन महिने लागले.

स्वच्छतागृहाचा आराखडा आम्ही वाहनतळात खडूने प्रत्यक्ष मापाने आखला आणि बेसिनच्या जागी टेबल ठेवले. चाकाच्या खुर्चीला वळायला कागदावर १५०० मिलिमीटर जागा होती, तरी पाय गमावलेल्या एका जवानाने खुर्ची फिरवताच तिची पायपट्टी टेबलाला अडकली. तेव्हा बेसिन दुसऱ्या भिंतीवर गेले. ट्रॉलींना रबरी चाके आणि दारांना सावकाश मिटणारे क्लोजर बसवले.

अकरा खाटांचा कक्ष सुरू झाला, तेव्हा सुभेदार पुन्हा दाखल झाले होते. नातेवाइकांसाठी भिंतीलगत केलेले बाक रिकामे ठेवून त्यांच्या पत्नीने खाटेजवळच चटई अंथरली. "रात्री त्यांचा हात लागायला हवा," त्या म्हणाल्या. मग खाटेशेजारचे लॉकर भिंतीवर टांगून आम्ही ते बाक तेथे आणले, आणि सिस्टरांच्या कामासाठी खाटेची दुसरी बाजू मोकळी ठेवली.