कुणी सोडलं?

सोमवार, रात्री दहा

दुपारी पोस्टमन स्पीड पोस्टाचं पाकीट देऊन गेला. आत लायसन्स होतं. शिलाई मशीनच्या फळीवर ठेवून तीनदा वाचलं. माझं नाव, सोलापूरच्या एमएच १३ ने सुरू होणारा नंबर, खाली मुदत. तीस ते पन्नास वयात लायसन्स काढलं की ते दहा वर्षांसाठी मिळतं. मला सेहेचाळिसावं चालू आहे, म्हणजे छप्पन्नाव्या वर्षापर्यंत काळजी नाही. गिऱ्हाइकाचा ब्लाउज अर्धा राहिला तरी कार्ड हातातून ठेववेना.

आमच्या घरात ‘सोडणं’ हा रोजचा शब्द. माहेरी वडील सोडायचे, मग भाऊ, लग्नानंतर हे. अस्तर आणायला नवी पेठेत जायचं तर ह्यांची शिफ्ट बघायची, आईकडे कुंभारीला जायचं तर कुणाला सुट्टी आहे ते बघायचं. रिक्षा असते, पण चौकाचौकात बदलत गेलं की अर्धी सकाळ वाटेतच जाते. आईकडे निघायचं ठरवलं की पहिला प्रश्न ठरलेला, सोडायला कोण येणार? कुणी मुद्दाम अडवलं असं नाही. पण गेल्या पावसाळ्यात आईला ताप आला, शेजारच्या मावशींनी दुपारी फोन केला, आणि मी रात्री आठला पोचले. तोवर आई एकटी पडून होती. त्या रात्री तिच्या उशाशी बसून मी ठरवलं की गाडी शिकायची.

शिकवायला लेक. तिचीच स्कूटर. तिने आधी बसून शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरून दिला. चाळिशी ओलांडली की डॉक्टरांचा दाखलाही लागतो, फॉर्म १ए. तो आणला. परीक्षा घरातच दिली, आधार जोडून, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर. पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर यायला हवेत. मराठीत देता येते हे किती बरं! माझे तेरा आले. रस्त्यावरच्या खुणा मी रात्री भाकरी थापताना पाठ केल्या होत्या. लेक विचारायची, मी सांगायची.

मग खरं शिकणं. घराजवळ रिकामे प्लॉट आहेत, तिथे पहाटे साडेपाचला. मला वाटलं होतं तोल सांभाळणं अवघड असेल. तोल आठवड्यात आला. अवघड निघाली ती उजवी मूठ.

गाडीला वेग देणारी मूठ तीच आणि पुढचा ब्रेकही त्याच हाताला. समोर काही आलं, भीती वाटली, की माणूस काय करतो? मूठ घट्ट आवळतो. मूठ आवळताना मनगट खाली वळतं आणि अॅक्सिलरेटर पिळला जातो. म्हणजे थांबायला हवं नेमकं तेव्हाच गाडी पुढे उसळते. चौथ्या दिवशी कुत्रं आडवं आलं आणि मी वाळूच्या ढिगात गेले. गुडघा सोलला, आरसा मोडला. लेक धावत आली, गाडीला हातही न लावता आधी मला उठवलं आणि म्हणाली, “आई, मूठ सोड. अजून धरून बसलीयेस.” खरंच, गाडी आडवी पडलेली, मागचं चाक गरागरा फिरतंय, आणि माझा हात तसाच.

तीन दिवस गाडीला शिवले नाही. चौथ्या दिवशी आईकडे गेले. हेच सोडायला आले. गुडघा दाखवला, सगळं सांगितलं. आईने चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीने कापलेली. हजारावर मजुरी. आम्हा तिघा भावंडांची शाळा त्या सुपातून झाली, आणि राहतं घरही त्याच कामाचं. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतलं, विडी कामगार बायांनी लढून मिळवलेल्या दहा हजार घरांतलं एक. २००६ साली चावी हातात पडली तेव्हा आई रात्रभर झोपली नव्हती.

माझं ऐकून तिने माझा हात आपल्या हातात घेतला, कोपऱ्यातल्या जुन्या पेटीतून एक वाळकं पान काढून पाण्यात बुडवलं, भिजू दिलं आणि माझ्या बोटांत दिलं. “वळ.” मी वळलं, फाटलं. “दाबतीस कशाला गं? धरायचं म्हंजी दाबायचं नव्हं. पान निसटणार न्हाई इतकंच धरायचं.” तिची बोटं आता वाकडी झालीत, पण त्या बोटांत पान कसं गोल फिरत होतं! दुसऱ्यांदा मी ओठ आवळून बसले, पुन्हा फाटलं. पाचव्या पानाला जमलं.

दुसऱ्या पहाटे हँडलवर हात ठेवताना तेच आठवलं. मनगट सरळ, ब्रेकवर दोन बोटं, मूठ निसटणार नाही इतकीच. कुत्री रोज आली. वाळूत पुन्हा गेले नाही.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. तेवढे दिवस पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावून फिरले. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा लागली तेव्हा गावातली गर्दी टाळली. पहिल्या परीक्षेत आठचा आकडा काढताना वळणावर माझा पाय टेकला. नापास. साहेब रागावले नाहीत, सात दिवसांनी परत या म्हणाले. वळताना मी पुढच्या चाकाकडे बघत होते हे लेकीने कुंपणाबाहेरून पाहिलं होतं. “जायचंय तिकडं बघ, चाक आपोआप वळतं.” आठवडाभर प्लॉटवर चुन्याने आठ काढून त्यावरून फिरले. दुसऱ्या वेळी पाय वरच राहिले.

मंगळवार

हवा भरली, पेट्रोल टाकलं. आयएसआय खुणेचं हेल्मेट घेतलं, लेकीचं मला सैल होत होतं. पट्टा हनुवटीखाली घट्ट बसला पाहिजे, नाहीतर ते डोक्यावर असून उपयोग नाही. हे म्हणाले, उद्या मी मागून मोटरसायकलवर येऊ का? नको म्हटलं. त्यांनी रात्री उठून टायर दाबून बघितलेलं मला कळलं.

बुधवार, संध्याकाळी

अशोक चौकातून सव्वानऊला निघाले. शांती चौकात सिग्नलला पाय टेकून उभी राहिले तेव्हा छाती धडधडत होती. शेजारच्या रिक्षातल्या बाळाने हात हलवला. मी हलवला नाही, दोन्ही हात हँडलवर होते. त्याचं मला अजून वाईट वाटतंय.

एमआयडीसीपाशी यंत्रमागांचा खडखडाट ऐकू आला. हेल्मेटमध्ये तो आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. पुढे उसाची ट्रॉली, एकामागे एक दोन जोडलेल्या, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंना लोंबणारे. ओलांडायचा मोह झाला नाही. तिच्या मागे बरंच अंतर ठेवून वीसच्या वेगाने गेले. मागून हॉर्न वाजले, वाजू दिले. ट्रॉली कडेला झाली तेव्हा समोर अक्कलकोट रस्ता सरळ, मोकळा. मी पस्तीसवर गेले. वारा पदरात शिरला. एवढा वेळ आवळलेले खांदे खाली आले.

वसाहतीत सगळ्या गल्ल्या सारख्या. आजवर कधी रस्ता शोधावा लागला नव्हता, सोडणारा न्यायचा. दोन गल्ल्या चुकले, एका आजींना तेलुगूत विचारलं, मग सापडलं.

आई दारात पाणी शिंपडत होती. गाडी स्टँडला लावेपर्यंत ती माझ्या मागे रस्त्याकडे बघत होती.

“आलीस? कुणी सोडलं?”

“कुणी न्हाई. मीच आले.”

तांब्या तसाच हातात घेऊन ती गाडीभोवती फिरली. मग माझा उजवा हात उलटा करून बघितला. तळव्यावर मुठीच्या रबराच्या रेघा उमटल्या होत्या, लालभडक. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

“अजून दाबतीस,” म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.