ताई, निघालं का काही?

दिवाळीत मावसभाऊ विचारतो, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, शिबिरात जांभळ्या टोपणाच्या नळ्या मोजताना सरपंच विचारतात. शब्द इकडेतिकडे, प्रश्न एकच: एवढी वर्षं सिकलसेलच्या रक्तावर संशोधन करता, निघालं काय? (सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा, आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार.) आजवर 'चाललंय' म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही विचारलंतच, तर सांगते.

आधी फणकाऱ्याचं उत्तर. निघालंय, पुष्कळ निघालंय! 1949 साली रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या आजाराची खोट हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढच्या दशकात इन्ग्रॅमनी ती एका अमिनो आम्लावर आणून ठेवली, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. 1998 साली अमेरिकेत हायड्रॉक्सियुरिया या औषधाला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. तीच कॅप्सूल आज आपल्या विदर्भातली पोरं घेतात. माझं काम 'एफ'वर, म्हणजे गर्भातल्या हिमोग्लोबिनवर. जन्मानंतर ते आटत जातं. ज्याच्यात भरपूर टिकतं त्याला त्रास सहसा कमी. कॅप्सूल तेच वाढवते, आणि डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला जनुकसंपादनाचा उपचारही एफचाच बंद नळ उघडतो. किंमत 22 लाख डॉलर. इथवर आलं की मावसभाऊ गप्प बसतो आणि मी चकली उचलते.

यातलं काहीच खोटं नाही. फक्त यातलं काहीच मी केलेलं नाही.

मी काय केलं ते सांगायचं तर त्या आठ वर्षांच्या मुलाबद्दल बोलावं लागेल. शिबिरातून आलेलं सॅम्पल. एचपीएलसीच्या, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या, मशीनमधून आलेख बाहेर आला: ए (निरोगी हिमोग्लोबिन) 54 टक्के, एस (सिकलसेलचं) 33, एफ 8. ए जास्त, एस कमी, म्हणजे एएस, एकाच पालकाकडून खोट आलेला, नुसता वाहक. रिपोर्टवर तसं लिहिलं, खाली सही केली. फॉर्मवर 'शेवटचं रक्त कधी चढवलं' हा रकाना कोरा होता. तो शिबिरातल्या लोकांनी भरायचा असतो. हे वाक्य मी पुढे अनेकांना अनेकदा ऐकवलं आहे.

चार महिन्यांनी तो वॉर्डात होता. गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, पायाला चादर लागली तरी कळवळत होता. नवं सॅम्पल लावलं: एस 77, एफ 18, ए जवळजवळ नाहीच. सरळ एसएस, म्हणजे दोन्हीकडून खोट, आजारच. पहिल्या वेळी शिबिराच्या बारा दिवस आधी त्याला दुसऱ्या गावी रक्त चढवलं होतं. मी मोजलेलं ए कुणा रक्तदात्याचं होतं.

आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला रिपोर्ट काढला. आवाज चढवला नाही. "मॅडम, तुमीच त लिहून देल्लं ना, एएस हाय म्हून? एएसले काई होत नाई म्हनलं होतं." कॅप्सूल सुरू झाली नव्हती, कारण वाहकाला ती देत नाहीत. पाय दुखतात म्हटल्यावर वडील त्याला शाळा बुडवायचं नाटक म्हणून रागावले होते. तेही माझ्या सहीच्या भरवशावर.

रकाना कोरा होता, हे खरंच आहे. पण पूर्ण खरं हे की तो आठचा आकडा मी पाहिला होता. वाहकात एफ सहसा एक-दोन टक्क्यांच्या वर जात नाही. आठ दिसला तेव्हा 'हा एएस नसेल' असा संशय यायला हवा होता. मला झाला आनंद. वाहक, आणि एफ आठ! असं काहीतरी मी दोन वर्षं शोधत होते. रिपोर्ट पाठवला आणि त्याच दुपारी ते सॅम्पल माझ्या अभ्यासाच्या यादीत पिवळ्या रंगात टाकलं. मुलगा कोण, कसा आहे, आजारी होता का, एक फोन केला असता तर कळलं असतं. आईवडिलांचं रक्त मागवावं, हेही सुचलं नाही.

तेव्हाची मी म्हणते, दिवसाला साठ सॅम्पलं, कुणाकुणाला फोन करणार? तिचं चूक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तिनंच साठवलेल्या आकड्यांवर आज आमच्या लॅबचं काम उभं आहे. पण तिला माफ करायचीही माझी तयारी नाही.

आता रकाना कोरा असला की रिपोर्ट थांबतो. गावातल्या आशा सेविकांना फोन, त्यांच्याकडून घरच्यांना फोन, रक्त चढवलं असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा सॅम्पल. बुधवारचा पूर्ण दिवस त्यातच जातो. एफवरचा लेख दोन वर्षं अर्धवट पडून आहे आणि आमचे सर विचारतात, "हे टेक्निशियनचं काम तुम्ही करत बसलात तर संशोधन कोण करणार?" सरांना अजून उत्तर दिलेलं नाही.

तो मुलगा आता कॅप्सूल घेतो. तपासणीला आला की खिडकीशी उभा राहून विचारतो, "मॅडम, माझा एफ किती निघाला?" मागच्या वेळी 23 होता. मी आकडा सांगितला. त्यानं तो पेनानं तळहातावर लिहून घेतला.