सँडलला बारा हजार घातले, होय

इथं नेदरलँड्समध्ये सायकलनं कामाला गेलं तरी कंपनी किलोमीटरमागे पैसे देते. तशी सक्ती नाही, पण बऱ्याच कंपन्या देतात आणि ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार त्यावर कर लावत नाही. ही मर्यादा कित्येक वर्षं १९ सेंट होती, २०२३ मध्ये २१ झाली आणि २०२४ पासून २३ आहे. स्वतःची मोटार आणा नाहीतर स्वतःची सायकल आणा, दर तोच. मी युट्रेख्त शहराजवळच्या हाउटनच्या दक्षिण टोकाला राहते, ऑफिस युट्रेख्तच्या विद्यापीठाकडं. जाऊन येऊन अठरा किलोमीटर होतात, म्हणजे दिवसाला चार युरोच्या वर. पेट्रोलचा खर्च शून्य.

हा हिशेब आधीच मांडतेय, कारण बेळगावात शहापूरच्या आमच्या घरात सध्या एकच विषय चाललाय. मी सायकलसाठी १२० युरोच्या सँडल घेतल्या.

"बारा हजार? सोन्याचे पट्टे हाईत काय गं त्याला?" अण्णा फोनवर. मागून वहिनीचा आवाज, "त्यात आमच्या सगळ्यांच्या चपला होऊन वर कुंदा आला असता की!" आई काही बोलली नाही. आई बोलली नाही की समजायचं, तिलाही तेच म्हणायचंय.

बरं, घरच्यांचं सोडा. इथल्यांनाही त्या पटलेल्या नाहीत, फक्त कारण वेगळं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई चार बोटं उंच टाचांचे बूट घालून, एका हातात छत्री धरून, पुढच्या टोपलीत पोराचं दप्तर टाकून सायकल चालवते. तिनं माझ्या पायांकडं बघून शांतपणे विचारलं, "सायकलसाठी वेगळं पायताण कशाला?" तिच्या दृष्टीनं सायकलचे खास कपडे, खास बूट हे रविवारी घोळक्यानं रेसिंग सायकली पळवणाऱ्यांचं काम. रोजची सायकल जे अंगात-पायात असेल त्यावर चालवायची. ज्या देशात माणसं एक कोटी ऐंशी लाख आणि सायकली दोन कोटींच्या वर, तिथं असंच वाटणार. ती चालायला लागली त्याच वर्षी बहुतेक सायकलवर बसली असेल. मी शाळेनंतर जी सायकल सोडली ती थेट इथं येऊन धरली. मधल्या काळात होती स्कूटी. तेव्हा माझ्या पायांना थोडी मदत लागली तर लागू दे.

आता या सँडलमध्ये आहे काय, ते सांगते. अण्णा, पूर्ण वाच.

माझी सायकल इथली जुनी, काळी, ताठ बसायची. हँडलला एकच ब्रेक, तोही पुढचा. मागचा ब्रेक पायात असतो. पॅडल उलटं दाबायचं, ते मागं फिरत नाही, अडकतं, आणि जेवढा जोर द्याल तेवढं मागचं चाक थांबतं. इथल्या पोरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्याकडच्या माणसाला सवयीनं पॅडल मागं फिरवायचं असतं, आणि सायकल मधेच गच्च थांबते. या ब्रेकला पाय पॅडलवर घट्ट बसलेला लागतो. साधी चप्पल असली की जोर देताना पाय चपलेतून मागं घसरतो आणि चप्पल राहते पॅडलवर. म्हणून माझी पहिली अट टाचेच्या मागून पट्टा हवा, आणि तो नुसता शोभेचा नको, आवळता आला पाहिजे. आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या सुट्टीत स्लीपरवर सायकल हाणायचो ते चालून जायचं, कारण तेव्हा ब्रेक हातात होते. आणि खरं तर तेही धड लागायचे नाहीत.

दुसरी गोष्ट तळ. दुकानात पुढचं टोक आणि टाच दोन हातांत धरायची आणि वाकवून बघायची. बोटांच्या सांध्याशी थोडी वाकली तर चांगलं, कारण उतरून चालायचं असतं. पण मधेच, तळव्याच्या खळग्याशी घडी पडली तर परत ठेवायची. पॅडल म्हणजे शेवटी हाताच्या पंजाएवढी जागा. तळ मऊ असला की सगळा दाब त्या तेवढ्यावर येतो आणि चार-पाच किलोमीटरनंतर तळवा जळायला लागतो. फिरायला म्हणून विकतात त्या गुबगुबीत सँडल पायात घातल्या की गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि नेमक्या त्याच सायकलवर दगा देतात. पाय पॅडलवर ठेवायचा तो बोटांमागचा फुगीर भाग पॅडलच्या दांडीवर येईल असा. हे मला इथल्या सायकल दुरुस्तीवाल्यानं दाखवलं, आणि तळ जाड झाला की सीटही तेवढीच वर घ्यावी लागते हेही. त्यानं पाना काढून सीट वर केली, एक पैसा घेतला नाही. एवढ्याशा कामाचे पैसे काय घ्यायचे, हे भाव मला आमच्या टिळकवाडीतल्या सायकलवाल्याच्या चेहऱ्यावर पाहिल्याचे आठवतात. इथं प्रत्येक मिनिटाचा दर लावणारी माणसं, त्यामुळं ते जास्तच जाणवलं.

बोटं झाकलेली हवीत, हे मला युट्रेख्तच्या स्टेशनानं शिकवलं. तिथं स्टेशनच्या चौकाखाली साडेबारा हजार सायकलींचा वाहनतळ आहे, २०१९ मध्ये पूर्ण झाला, जगातला सगळ्यात मोठा म्हणतात. पहिले २४ तास फुकट. सायकली दोन मजल्यांत लावतात. वरच्या मजल्याची लोखंडी पट्टी ओढून खाली घ्यायची, सायकल चढवायची, पट्टी परत वर ढकलायची. ती पट्टी जिथं खाली येते तिथं आपली बोटं असतात. शिवाय गर्दीत शेजारच्याचं पॅडल, फुटपाथची कड, हे सगळं पहिल्यांदा अंगठ्याला भेटतं. अमेरिकेच्या कीन कंपनीनं पुढं रबराचं नाक असलेल्या सँडल आणल्या, त्या याच कामासाठी लोक घेतात. दिसायला बेडकाच्या तोंडासारख्या. सौंदर्याच्या बाबतीत अण्णा जे म्हणेल ते मी मान्य करते.

जपानच्या शिमानो कंपनीच्या सँडलही पाहिल्या. त्यांच्या तळाला लोखंडी खिट्टी बसवायची सोय असते, ती पॅडलमध्ये खट्‌कन अडकते आणि पाय टाच बाहेर फिरवून सोडवायचा. ही पद्धत त्यांनी १९९० मध्ये आणली. लांब पल्ल्याचे सायकलवाले त्यावर जीव टाकतात, पाय उघडा राहतो, भिजला तर वाळतो, आणि जोर वाया जात नाही. पण माझ्या वाटेत सिग्नल, शाळेची पोरं आणि बदकं. दर दोन मिनिटांनी पाय टेकायचा असतो. वर ऑफिसच्या गुळगुळीत फरशीवर ती खिट्टी टकटक वाजवत जायचं, ते वेगळंच. नको.

पट्ट्यांचं एक बघायचं. वेल्क्रोच्या पट्ट्याचं टोक पायाच्या बाहेरच्या बाजूला बंद होणारं घ्या. आत लोंबतं टोक चेनच्या दातात जातं. माझ्या सायकलला पूर्ण चेनकव्हर आहे म्हणून मला फारशी भीती नाही, पण तिकडं अर्धं कव्हर असतं.

आणि पाऊस. इथं पाऊस वर्षभर मिळून साधारण ८५० मिलिमीटर. बेळगावला जूनपासून सप्टेंबरपर्यंतच त्याहून जास्त होतो, खानापूर-जांबोटीकडचं तर विचारूच नका. पण आपला पाऊस येतो तो सांगून येतो, चार महिने राहतो आणि दसऱ्याला निरोप घेतो. हा बारा महिने दारात उभा, धड पडत नाही, धड जात नाही. बूट सकाळी भिजला तर संध्याकाळीही ओलाच, आणि त्यात परत पाय घालायचा. सँडलमधून पाणी निघून जातं, पट्टे दुपारच्या आत वाळतात. ऑक्टोबरपासून मी आत लोकरीचे मोजे घालते. सँडलमध्ये मोजे! आमच्या गल्लीत असं दिसले असते तर लग्नापर्यंत नाव पडलं असतं. इथं कुणी वळूनही बघत नाही, हा एक मोठा गुण आहे या लोकांचा. अमेलिसवेर्डच्या झाडीतून जाताना शरदात ओल्या पानांचा थर असतो, तिथं पाय टेकला की तळाच्या रबराची परीक्षा होते. खोल नक्षीचा तळ तिथं कामाला येतो.

"मग कोल्हापुरी का नाही घातलीस?" हा प्रश्न मावशीचा. तो रास्त आहे.

माझ्याकडं आहे की. अथणीहून आणलेली, कारागिरानं कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिलीनं गिरवून केलेली. कोरड्या दिवशी ती घालून बाजारात जाते आणि तेवढ्यात दोघं तरी विचारतात. तिचा तळ या महागड्या सँडलपेक्षा ताठ आहे, हे इथल्या कुठल्याही दुकानदाराशी मी भांडून सांगेन. पण ओल्या पॅडलवर चामडं सरकतं, टाचेला पट्टा नाही, सगळा भार अंगठ्यावर, आणि पाणी लागलं की ती फुगते. आपल्याकडंही मिरगाच्या आधी ती कपाटात जाते. त्यात कोल्हापुरीचा दोष नाही. ती चालायला केलेली आहे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा तीच टाचांवाली मैत्रीण फोटो घेऊन आली, "या तुझ्याकडच्या ना?" मग मी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत सोडलं नाही तिला. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं ते आठ जिल्ह्यांना. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्राचे चार, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकाचे चार. तेव्हा टीव्हीवर सगळे कोल्हापूर-कोल्हापूर करत होते. अथणी, निपाणीच्या घराघरांत बसून चामड्याला भोकं पाडणाऱ्यांचं नाव किती जणांनी घेतलं? आपलं नेहमीचंच. कर्नाटकाच्या यादीत आपण शेवटी आणि महाराष्ट्राच्या यादीत नावापुरते. ती बिचारी मान हलवत होती. तिला काय कळलं ते देव जाणे.

आता गावाकडच्या सायकलींविषयी. आमच्या बेळगावात आता मोठ्या माणसांत सायकल म्हणजे पेपरवाला, दूधवाला, नाहीतर पहाटे राकसकोपच्या रस्त्याला दिसणारे हेल्मेटवाले. आणि १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची. एरवी तीस मीटरवरच्या किराणा दुकानात गाडी काढणारे लोक त्या दिवशी सायकलवर असतात. खरं तर आपल्या गावासारखं सायकलचं गाव नाही. गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, हवा थंड, वडगावातून कॅम्पात जायचं तर अंतर ते केवढं. इथं चढ नाहीत म्हणून सगळे कौतुक करतात, पण समोरून वारा सुटला की तो चढच असतो, आणि त्याला उतार नसतो. आणि हे लोक जन्मापासून असे नव्हते. १९७१ मध्ये या एवढ्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांच्या वर माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त पोरं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, मग रस्ते बदलले. हाउटनमध्ये मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्याला जावं लागतं, सायकल मधून सरळ जाते. तिकडं टिळकवाडीच्या रेल्वे गेटात दुचाकी, रिक्षा आणि ऊसाचा ट्रॅक्टर एकत्र उभे असतात, त्यात सायकल कुठं घालायची सांगा. तेव्हा "तू इथं का नाही सायकल चालवत" असं सुट्टीत मला विचारू नका. मी भित्री नाही.

हिशेब पुरा करते. चार युरो रोजचे, सँडल १२० च्या. रोज ऑफिसला गेले तर दीड महिन्याच्या आत वसूल. अण्णाच्या मेहुण्याच्या लग्नात घेतलेला शूज कितीचा होता आणि कितीदा घातला, ते मी विचारणार नाही.

भाच्यासाठी मात्र एवढ्या महागाची गरज नाही. तो अनगोळातून उद्यमबागेत कॉलेजला जातो, ब्रेक हातात आहेत. खडेबाजारात ट्रेकिंगच्या सँडल मिळतात, त्यातली पुढून बंद, टाचेला पट्टा असलेली बघावी. वाकवून बघावी, संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी घेतलेली रात्री टोचते. तरी त्याला इथलीच हवी असेल, तर पायाखाली कागद ठेवून गिरवून घ्या. फोटो पाठवू नका, फोटोत माप कळत नाही. आई ऑगस्टमध्ये येणार आहे, तिच्या पिशवीत कागद टाका. आणि दोन्ही पायांचा, त्याचा उजवा मोठा आहे.