तुम्ही विचारलंत म्हणून: फादरला सांगितलं की पाप माफ?

गणपतीत सोसायटीच्या आरतीनंतर खिरापत वाटता वाटता कोणी ना कोणी मला हे विचारतंच. "तुमच्यात बरंय हो! आठवडाभर हवं ते करा, रविवारी फादरच्या कानात सांगा, पाटी कोरी!" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. इंदूरच्या मराठी माणसांत आम्ही ख्रिस्ती घरं मोजकीच. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून इथे मिलमध्ये कामाला आले. त्यामुळे घरात प्रार्थना मराठीत, चर्चमध्ये मिस्सा (रविवारची मुख्य उपासना) हिंदीत आणि असल्या प्रश्नांची उत्तरं मात्र दोन्ही भाषांत द्यावी लागतात.

पाटी कोरी होते, हे खरंच आहे. ते मी नाकारत नाही. पण "रविवारी सांगितलं की झालं" म्हणणाऱ्याने ती रांग पाहिलेली नसते. गुड फ्रायडेच्या आधीच्या दिवसांत आमच्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे रिक्षावाल्यांच्या रेड चर्चमध्ये, कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायला, रांग लागते. एरवी रांगेत खेटून उभे राहणारे आपण, इथे प्रत्येक जण पुढच्यापासून चार हात लांब. कोणी कोणाशी बोलत नाही. एखादा गृहस्थ आपला नंबर आला की मागच्याला म्हणतो, "तुम्ही जा आधी." सोपं असतं तर असं कशाला केलं असतं?

जाळीपलीकडे बसलेले फादर क्षमा करत नाहीत, देव करतो. फादर ती देवाच्या नावाने देतात. आणि नुसतं सांगून भागत नाही. केल्याचं वाईट वाटलं पाहिजे, पुन्हा करणार नाही असा निश्चय पाहिजे. "लाच घेतो, पुढेही घेणार आहे, पण माफ करा" असं म्हणणाऱ्याला फादर रिकाम्या हाताने परत पाठवतील. चोरलेलं असेल तर परत द्यावं लागतं, कोणाची बदनामी केली असेल तर जमेल तितकी निस्तरावी लागते. शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला) जकातदार जक्कय येशू घरी आल्यावर म्हणाला, निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. आजोबा हा प्रसंग सांगताना "चौपट"वर थांबायचे आणि आमच्याकडे बघायचे.

(फादर बाहेर सांगतात का, हाही तुमचा नेहमीचा प्रश्न. नाही. कोर्टातही नाही. जो फोडेल तो त्याच क्षणी बहिष्कृत होतो, असा चर्चचा कायदा आहे.)

पण खरं अवघड वेगळंच आहे. यहूदाचं उदाहरण घ्या. तीस नाणी घेऊन येशूला पकडून देणारा त्याचा शिष्य तो. मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलंय की त्याला पस्तावा झाला, त्याने ती तीस नाणी परत नेऊन दिली आणि "मी पाप केलं" असं तोंडाने कबूलही केलं. म्हणजे पस्तावा झाला, कबुली झाली, परतफेडही झाली. दुसरा शिष्य पेत्र, त्याने यातलं काय केलं? येशूला पकडल्यावर तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हणाला, कोंबडा आरवला आणि बाहेर जाऊन रडला, एवढंच. फरक इतकाच, की पुढे पुन्हा जिवंत झालेला येशू सरोवराच्या काठावर दिसला तेव्हा पेत्राने अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी टाकली आणि त्याच्याकडे गेला. यहूदा कबुली द्यायला मंदिरातल्या याजकांकडे गेला आणि मग स्वतःचा जीव घेतला. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे गेलाच नाही. आपल्याला तिथे घेतील, हेच त्याला खरं वाटलं नसावं.

येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतही तेच. बापाकडून वाटा घेऊन धाकटा मुलगा घर सोडतो आणि सगळं उधळून बसतो. मग डुकरं राखताना तो बापापुढे म्हणायचं वाक्य पाठ करतो: मी पाप केलं, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एका मजुरासारखं ठेव. गोष्ट नीट वाचा. घरी पोचल्यावर त्याचं शेवटचं वाक्य राहूनच जातं. मजुराचं बोलणं निघायच्या आत बाप झगा आणि अंगठी मागवतो.

तुमचा प्रश्न मात्र त्याच गोष्टीतल्या थोरल्या मुलाचा आहे. शेतातून दमून आलेला, वाजंत्री ऐकून अंगणातच अडून बसलेला. मी इतकी वर्षं राबतोय आणि मेजवानी त्याला? प्रश्न रास्त आहे. बाप त्याला खोडून काढत नाही, बाहेर येऊन समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही.

आपल्या इंदूरच्या जवळचीच एक गोष्ट. सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या, त्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमधून प्रवास करताना त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. क्षमेमुळे खटला टळला नाही, हे आवर्जून सांगते, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. २००२ मध्ये त्यांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाला राखी बांधली. पुढे घरच्यांनीच त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो सुटला. सिस्टरांच्या समाधीवर तो जात राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना चर्चने 'धन्य' घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी.

हे ऐकून परवा एक काकू म्हणाल्या, "तू गेली असतीस का गं राखी घेऊन?" नाही, काकू. सात वर्षांत तर नाहीच.